डाव्या डोळ्यामागचे दुखणे

त्या हिवाळ्यात सुट्टीसाठी गावी आलो तेव्हा माझे दुखणे परत आले आहे हे मी घरात कुणालाच सांगितले नाही. सांगितले असते तर माझे कॉलेज तिथेच संपले असते. बाने मला तसे स्पष्ट बजावूनच मुंबईला पाठवले होते.

आमचे गाव वलगावपासून कोसभर. घरात माझ्याआधी कुणी पाटीवर अक्षर काढले नव्हते. मी अमरावतीच्या शाळेत गेलो तो कापसाच्या जोरावर. दूर कुठल्या मुलुखात गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली आहे आणि म्हणून आमच्या काळ्या जमिनीतला कापूस विलायतेला हवा आहे, एवढेच गावाला ठाऊक होते. लोकांनी ज्वारीच्या वावरातसुद्धा कापूस पेरला. बा म्हणे, "असे दिवस पुन्हा येत नाईत. तवर तू शिकून घे."

शाळेच्या शेवटच्या वर्षी, असाच कापूस घरोघर येत असताना, ते मला पहिल्यांदा झाले. अमरावतीत मी एका खोलीत एकटा राहत होतो आणि हाताने रांधून खात होतो. दिवस कलू लागला, जवळच्या मशिदीत असरची बांग झाली आणि डाव्या डोळ्याच्या मागे काहीतरी हलले. हे मला नीट लिहिता येईल की नाही, शंका आहे. कापसाचे बोजे शिवायला लोखंडी दाभण असतो. तो तापवून कुणी डोळ्याच्या खोबणीतून आत सारावा आणि फिरवत राहावा, असे ते होते. हळूहळू वाढणे नाही. पाणी पिऊन तांब्या खाली ठेवीपर्यंत ते शिगेला पोचले. डावा डोळा लाल होऊन घळघळू लागला. त्याची पापणी जड होऊन खाली आली. डावी नाकपुडी आधी बंद झाली आणि मग वाहू लागली. कपाळाच्या डाव्या बाजूला घाम फुटला. उजवी बाजू मात्र अगदी शांत होती, जणू ती दुसऱ्या कुणाची.

गुरे रानातून परत येण्याच्या वेळेला ते थांबले. थांबले म्हणजे पूर्ण थांबले. मला भूक लागली आणि मी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी बांग झाली आणि ते पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही त्याच वेळेला. मी बांगेला भिऊ लागलो. मशिदीतल्या त्या भल्या माणसाचा यात काय दोष.

आठवड्याने बाजाराच्या निमित्ताने बा खोलीवर आला. मी पुस्तक मांडीवर घेऊन बसलो होतो आणि डोळ्यातून पाणी वाहत होते. त्याने जे पाहिले त्यावरून हे पुस्तकानेच होते असे त्याचे मत झाले. तो मला बंडीत घालून घरी घेऊन आला. मायला अर्धशिशी होती. महिन्यातून एकदा ती डोक्याला फडके आवळून अंधाऱ्या खोलीत पडून राही, उजेड नको, आवाज नको, हालचाल नको. उलटी झाली की दुसऱ्या दिवशी उठे. तिने मलाही तेच केले. अर्धशिशीवरचा उपाय म्हणून बा अमरावतीहून जिलबी घेऊन येई, आणि उजाडण्याआधी कुणाशी न बोलता ती दुधात बुडवून मला खावी लागे. तीन कोस चालत जाऊन आणलेली जिलबी. मी ती रोज खाल्ली आणि रोज दिवस कलल्यावर दुखणे आले.

सगळ्यांत वाईट म्हणजे मला निजता येत नसे. मायची आज्ञा होती की पडून राहा, आणि अंगात असे काही शिरे की पडणे शक्यच नव्हते. मी उठून फेऱ्या मारी. भिंतीला कपाळ टेकवी, आपटीसुद्धा.

"निजत काहून नाईस?" माय म्हणे. "अर्धशिशीच्या मानसाले कूस बदलवत नाई. अन् तू कोल्हूच्या बैलावानी फिरून राहिला."

मला वाटू लागले की माझ्यातच काही खोटेपणा आहे. खरे दुखत असते तर मी मायसारखा पडून राहिलो असतो.

दीड महिन्याने एके दिवशी गुरे घरी आली तेव्हा माझ्या ध्यानात आले की आज ते आलेच नाही. मग ते वर्षभर आले नाही. पण त्याच आठवड्यात मी कसाबसा जाऊन परीक्षा देऊन आलो होतो आणि पुस्तके बांधून ठेवली होती. बाने दोन्हींचा मेळ घातला. पुस्तक सुटले, डोके सुटले. तरी मी पास झाल्यावर त्याने मला मुंबईला जाऊ दिले. निघताना म्हणाला, "जाय. पन पुन्हा डोक्सं उठलं तं पुस्तक बंद. मले शिकलेला पोरगा पायजे. आंधळा नाई पायजे, अन् येडाही नाई."

मुंबईत वर्षभर काही झाले नाही. मला वाटले, संपले. मग मार्गशीर्षात घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी, बैल पाण्यावर नेण्याच्या वेळेला, डाव्या डोळ्यामागे ते पुन्हा हलले.

लपायला जागा सोपी होती. मागची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरली होती. दारापासून भिंतीपर्यंत दोन हात रुंदीची वाट तेवढी मोकळी होती. मी आत जाऊन कडी लावी आणि त्या वाटेने जाई-येई, जाई-येई. कापसात आवाज मुरतो. मी कण्हलो तरी अंगणात कुणाला कळत नसे. बाहेर लोक वेचणीच्या गप्पा करत, हसत, आणि भिंतीच्या अलीकडे मी एका डोळ्यावर हात दाबून चालत असे. इतके एकटे मला मुंबईतही कधी वाटले नव्हते. तिथे निदान कुणी माझे नव्हते.

बाहेर आल्यावर लाल डोळ्याचे कारण सांगावे लागे. तेही सोपे होते. वेचणीच्या दिवसांत बोंडाचा वाळका कचरा हवेत उडत असतो. अर्ध्या गावाचे डोळे लाल असतात. "कचरा गेला," एवढे म्हटले की कुणी पुढे विचारत नसे. वेचणीच्या बाया पदराच्या टोकाने कचरा काढू पाहत. माय एरंडीच्या तेलाचा थेंब घाली. माझी वहिनी मात्र चार-पाच दिवसांनी म्हणाली, "भावजी, मुंबईले जाऊन डोये मोठे झाले वाट्टे तुमचे. गावचा सारा कचरा तुमच्याच डोयात जाते. अन् तोही एकाच."

सगळे हसले. मीही हसलो. पण तिने जे थट्टेत म्हटले ते बरोबर होते, आणि ते तिच्याखेरीज कुणाच्या लक्षात आले नाही.

मी एक वही ठेवली होती. कोणत्या दिवशी वाचले, कोणत्या दिवशी नाही, दुखणे केव्हा आले, केव्हा गेले. मला स्वतःलाच खात्री हवी होती. पाच दिवस मी पुस्तकाला हात लावला नाही, तरी ते त्याच वेळेला आले. पुढचे चार दिवस भरपूर वाचले, तरी तेवढेच आले, जास्त नाही. वहीत सगळे स्वच्छ दिसत होते. पण ती वही दाखवू कुणाला? ज्याला ती पटायला हवी होती त्याला अक्षर येत नव्हते. आणि वाचून दाखवायची तर दुखणे परत आल्याचे आधी कबूल करावे लागणार.

सुट्टी संपत आली. आगगाडी तेव्हा अकोल्यालाच थांबत असे. पुढे अमरावतीच्या बाजूला भराव टाकण्याचे काम चालू होते. बा पाच बंड्या कापूस घेऊन अकोल्याच्या बाजाराला निघाला. तिथेच मला गाडीत बसवून देणार होता. माझी पेटी पहिल्या बंडीत कापसावर बांधली होती. मी मनात हिशेब केला की चार दिवस रोज दोन घटका कसे लपावे. दोन दिवस निभावले. बैल सोडले की मी परसाकडे जातो म्हणून दूर निघून जाई. पण तिसऱ्या दिवशी एका नाल्याच्या उतारावर बंडीचे चाक फसले, सगळ्यांनी खांदा लावला होता, आणि तेव्हाच ते आले.

चाक सोडून मी वाटेच्या कडेला चालू लागलो. मग पळसाच्या खोडावर कपाळ आपटले. आमचा थोरला गडी, जो बाच्या लहानपणापासून आमच्याकडे होता, ओरडला, "मिरगी आली पोट्ट्याले. धरा."

तिघांनी मला धरून मातीत पाडले. एक जण पायांवर बसला. थोरल्या गड्याने आपला जोडा काढून माझ्या नाकाशी धरला, कारण मिरगीवर, म्हणजे फेफऱ्यावर, आमच्याकडे तोच उपाय. मी म्हणत होतो, सोडा, मला चालू द्या. ते म्हणत होते, बडबडतोय, अजून घट्ट धरा. त्यांच्या मनात माया होती, हे मला त्या वेळीही कळत होते. पण त्या दुखण्यात जखडून पडणे म्हणजे काय, हे मी कुणाला सांगू शकणार नाही. दोन घटका ते माझ्या अंगावर बसून होते. मग दुखणे आपल्या वेळेला गेले आणि थोरला गडी समाधानाने म्हणाला, "जोड्यानं उतरलं."

बा काही अंतरावर उभा होता. तो जवळ आला. मग म्हणाला, "हे तेच ना? मागल्या सालचं?"

मी मान हलवली.

"किती दिसापासून?"

"आल्यापासून."

"अन् कचरा गेला म्हनून राहिलता." त्याने पागोटे काढून पुन्हा बांधले. "अकोल्यात कापूस उतरवू. पेटी उतरवाची नाई. माघारी घरी."

मी अंगावरची माती झटकली.

अकोल्यात बंड्यांची एवढी दाटी होती की आमचा नंबर यायला दोन-तीन दिवस लागणार होते. बाजाराच्या टोकाला एका पिंजाऱ्याची झोपडी होती. पांढरी दाढी, अंगावर रुईचे कण, आणि कापूस पिंजायच्या धनुकलीची तार दिवसभर वाजत असे. आता लपायचे कारण उरले नव्हते. दुपार कलली तसा मी त्याच्या झोपडीच्या मागच्या मोकळ्या जागेत जाऊन फेऱ्या मारू लागलो. धनुकली थांबली. पिंजारी बाहेर येऊन उंबऱ्यावर बसला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मला धरायला तो आला नाही. मी त्याच्यासमोरून गेलो तेव्हा त्याने विचारले, "एकच बाजू?"

मी हो म्हटले.

पुढच्या फेरीला: "नाकही तिकडलंच गळते?"

"हो."

"रोज याच वख्ताले?"

मी थांबलो. कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. मायने नाही, बाने नाही. सगळ्यांनी विचारले ते, कशाने झाले.

"थांबू नको," तो म्हणाला. "चाल. थांबलं का जास्त होते. मले मालूम हाय."

दुखणे गेल्यावर मी त्याच्यापाशी बसलो. त्याने आपल्या उजव्या डोळ्यावर बोट ठेवले. त्याचे उजवीकडे होते. दाढी काळी होती तेव्हापासून. दर साली उन्हाळा लागता लागता येई, दीड-दोन महिने राही, रोज फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या, आधी त्याला उठवी, आणि एके दिवशी न सांगता निघून जाई.

"बारा वर्सं मी बी समजलो का रुई गेली डोयात," तो म्हणाला. "पिंजाऱ्याच्या डोयात रुई, कोन दुसरं समजन? बायकोनं डोया धुऊन धुऊन पार लाल केला. मंग एक दिवस माह्याच डोक्शात उजेड पडला. रुई गेली तं डोया चुरचुरन. नाक काहून एकाच बाजूचं वाह्यन? अन् रुईले वख्त कोन सांगते?"

"अर्धशिशी म्हणतात घरी," मी म्हणालो.

"माह्या बहिनीले हाय अर्धशिशी. ते निजते, मी फिरतो. तिले दिसभर, मले दोन घटका. अन् एक सांगू? या दिसात शिंदीचा घोट घेतला का लगेच उठते. बाकी सालभर कितीही पी, काही नाई. आमच्या मौलवीसाहेबानं सांगून माही शिंदी सुटली नाई. या डोयानं सोडवली."

मी हसलो आणि मग मला रडू आले. दर साली, असे तो म्हणाला होता. म्हणजे हे माझ्याबरोबर म्हातारे होणार. पण वर्षभर मला वाटत होते की असे फक्त मलाच होते आणि त्याअर्थी मीच कुठेतरी चुकलो आहे. तेवढे तरी त्या उंबऱ्यावर उतरले.

मी त्याला बाच्या अटीविषयी सांगितले. तो रुईचे हात झटकून उठला आणि माझ्याबरोबर बंड्यांकडे आला.

बा बैलांना कडबा टाकत होता. पिंजाऱ्याने सलाम केला आणि सरळ विषयाला हात घातला. "पाटील, तुमच्या पोराले जे होते ते मलेही होते."

बाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुमी रुईत बसता भाई. तुमचं त्याच्यानं असन."

"रुई दोनी डोयांत जाते. दुखते एक. अन् पिंजतो मी सालभर, दुखते दोन महिने."

बाने बैलापुढे आणखी कडबा टाकला. मग म्हणाला, "याचं पुस्तकानं होते."

"तं मंग माहं कायनं होते?" पिंजारी म्हणाला. "मी अलिफ बी नाई शिकलो पाटील. सही म्हून आंगठा टेकवतो. मले काहून होते?"

थोरला गडी मध्येच म्हणाला, "जोड्यानं उतरते पन."

"तुमी जोडा किती येळ धरला?"

"दोन घटका."

"ते दोन घटकेनं तसंही उतरते. बिना जोड्याचं."

बाजूचे गाडीवान हसले. बा हसला नाही. त्याने कडबा खाली ठेवला. "मरते का मानूस यानं?"

पिंजाऱ्याने आपल्या उजव्या डोळ्यावर बोट टेकवले. "मरावं वाट्टे," तो म्हणाला. "मरत नाई. पन त्याले धरून निजवू नका. अन् एकटा खोलीत कोंडूही नका. लांबून लक्ष ठेवा, बस."

"जाते का हे मंग कधी?"

"जाते. पुन्हा येते. माहं तं आलंच दर साली. याचं अल्ला जाने."

पिंजारी सलाम करून गेला. रात्री जेवताना बाने तो विषय काढला नाही. मी समजलो की पटले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोकळ्या जागेकडे निघालो तेव्हा तो मागून आला. त्याने मला अडवले नाही. एका दगडावर बसून पाहत राहिला. माझे दुखणे त्याने आजवर मध्येच पाहिले होते किंवा संपताना. सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रथमच पाहिले. पापणी उतरताना पाहिली, नाक वाहताना पाहिले. एकदा मी कपाळ भिंतीवर आपटले तेव्हा तो अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. मला वाटते त्याला तसे बसून राहणे फार जड गेले असेल. शेवटी ते गेले आणि मी जमिनीवर बसलो.

"डावाच? कधी उजवा नाई?"

"नाही."

"आज वाचलं होतं?"

"पेटी उघडलीच नाही घरून निघाल्यापासून."

"मागच्या बारीले मी तुले पुस्तकासंगं पाह्यलं," तो म्हणाला. "म्हून मले वाटलं." आणि थोड्या वेळाने, "घरी बसून बी होतेच. मंग घरी बसून काय करशीन."

एवढेच. मला त्याच्याकडे पाहवले नाही, म्हणून मी जमिनीकडे पाहत राहिलो.

सकाळी त्याने पेटी सोडवून स्टेशनवर आणली. गाडी यायला वेळ होता. आम्ही दोघे बोलण्यात कच्चे. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "तिथं कोनाले मालूम हाय का हे?"

"नाही."

"कोनी हाय का, लांबून लक्ष ठेवाले?"

होय म्हणून सांगता आले असते. मुंबईत एका खोलीत आम्ही दोन विद्यार्थी राहत होतो, पण तो दुसरा मुलगा कोकणातला, चांगल्या घरचा. माझ्या बोलण्यातले मले-तुले ऐकून तो कधीकधी गालात हसे, म्हणून मी त्याच्याशी फारसा बोलतच नसे. मी खरे ते सांगितले. "नाही, बा. कोणी नाही."

त्याने रुळांकडे पाहिले. मला वाटले, आता पेटी परत उचलतो. "एकाले तरी सांगजो," तो म्हणाला, आणि गाडी आल्यावर पेटी त्याने स्वतः आत ठेवली.

मुंबईत पोचून आठ दिवस झाले तरी मी कुणाला सांगितले नाही. रोज वेळ झाली की समुद्राकडे चालत जाई. नवव्या दिवशी बाहेर जाण्याइतका अवधीच मिळाला नाही, आणि माझा सोबती खोलीतच वाचत बसला होता. तेव्हा मी सांगितले. एकच डोळा, रोज याच वेळेला, मला निजता येत नाही, मला धरू नकोस. बोलताना माझी भाषा सगळी गावची झाली होती. तो हसला नाही. त्याने काही विचारलेही नाही. पुस्तकात खूण घातली, दोन्ही खाटा भिंतीला सरकवल्या आणि दाराबाहेर जाऊन, पाठ माझ्याकडे करून, तिथेच वाचत उभा राहिला. मी चालू लागलो.